पिकअपचे स्पीकर दर पावसाळ्यानंतर जातात? नवे घेण्याआधीच्या तपासण्या आणि गोव्याच्या हवेत टिकणारी निवड

दरवाज्यातला स्पीकर फाटतो, नवा बसवला जातो आणि पुढच्या गणेश चवथीपर्यंत तोही खरखरू लागतो. गोव्यात पिकअप चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. स्पीकर बनवणाऱ्याचा दोष यात क्वचितच असतो. दरवाज्यात साचलेलं पाणी, खारी हवा, बिजागरीपाशी तुटलेली वायर किंवा स्टिरिओच्या ताकदीबाहेर चढवलेला आवाज, यांपैकी एखाद्या कारणाने जुना स्पीकर गेलेला असतो. ते कारण तसंच राहिलं तर दुप्पट किमतीचा स्पीकरही त्याच वाटेने जातो. म्हणून इथे खरेदी शेवटी ठेवली आहे आणि तपासणी आधी.

हे सगळं १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे: बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इन्ट्रा, अशोक लेलँड दोस्त, इसुझू डी-मॅक्स आणि तत्सम. मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची वायरिंग वेगळी असते, तिथे हे आकडे लावू नका.

लक्षणं

आवाज वाढवला की फाटतो, हळू असताना ठीक असतो. पडदा किंवा त्याच्या कडेचा पट्टा फाटला असेल, नाहीतर स्टिरिओच दमला असेल.

हळू आवाजातही बारीक घासल्यासारखी खरखर. पडद्यामागची तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. गंज किंवा धूळ.

दरवाजा उघडला की आवाज जातो, लावला की येतो, किंवा खड्ड्यात गाडी आदळली की परत सुरू होतो. वायर तुटली आहे, स्पीकर बहुधा चांगला आहे.

एका बाजूचा आवाज पूर्ण बंद.

दोन्ही स्पीकर वाजतात पण ढोलकीचा, तबल्याचा भरीवपणा कुठेच नाही, आवाज डब्यातून आल्यासारखा. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले गेलेत.

इंजिन चालू केलं की शिट्टी, ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूर चढतो. याचा स्पीकरशी काही संबंध नाही, अर्थिंग बघावं लागेल.

थोडा वेळ वाजून स्टिरिओ आपोआप बंद पडतो किंवा त्याच्या डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’ असं दिसतं. हे लक्षण गंभीर धरा आणि तपासणी होईपर्यंत तो वाजवू नका.

पहिली तपासणी: बटणं आणि गाणं

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. स्टिरिओतला बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे. मागे स्पीकर असतील तर फेडरही पुढे-मागे करा. नेमका कोणता स्पीकर बिघडला ते इथेच कळतं. दुकानात ‘दोन्ही बदला’ असं ऐकण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं मधोमध किंवा शून्यावर आणा. बास बूस्ट चढवून ठेवलेला असतो आणि लक्षात राहत नाही. मग ब्लूटूथऐवजी रेडिओ लावून बघा. व्हॉट्सॲपवरून चार हात फिरून आलेलं गाणं मुळातच फाटलेलं असू शकतं. रेडिओवर आवाज स्वच्छ असेल तर स्पीकरला हात लावू नका.

दुसरी: दरवाज्याचा पॅड दाबून बघा

आवाज फाटत असताना तळहाताने पॅड ठिकठिकाणी दाबा. आवाज थांबला तर पॅडची क्लिप तुटली आहे किंवा स्पीकरचा स्क्रू ढिला आहे. दरवाज्याच्या कप्प्यातली बाटली, नाणी, पावत्या, स्पॅनर आधी बाहेर काढा. चोर्ला किंवा अनमोड घाटातून भाजी वाहणाऱ्या गाड्यांत क्लिप फार लवकर तुटतात, आणि पॅडची थरथर कानाला अगदी फाटलेल्या स्पीकरसारखीच लागते. क्लिपचं पाकीट स्पेअर पार्टच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतं.

तिसरी: दरवाजा हलवत ऐका

गाणं मध्यम आवाजात लावा आणि दरवाजा हळूहळू पूर्ण उघडा, पूर्ण लावा. बिजागरीजवळ दरवाजा आणि खांब यांच्यामध्ये काळी रबरी नळी असते, तिच्यातून वायरी जातात. ती हातात धरून हलवा. आवाज ये-जा करत असेल तर तिथेच तांब्याचे धागे तुटलेत. माल चढ-उताराच्या गाडीचा दरवाजा दिवसातून कितीतरी वेळा उघडतो, आणि वायर नेहमी त्याच एका जागी वाकते.

अशी वायर तिथल्या तिथे पिळून टेप लावू नका. जोड नळीच्या आत आला तर पुन्हा तिथेच तुटतो. नळीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून मधला सगळा तुकडा नवा टाका, जोड नळीच्या बाहेर ठेवा आणि त्यावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा. शक्य असेल तर कथील चढवलेली तांब्याची वायर घ्या, जी बोटींच्या वायरिंगला वापरतात. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी-काळी पडत जाते आणि वरचं प्लॅस्टिक मात्र नवंकोरं दिसतं.

चौथी: पॅड काढून डोळ्यांनी बघा

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. पॅड ओढण्याआधी हँडलमागचे, कप्प्यातले आणि काचेच्या हँडलचे स्क्रू शोधा. एक स्क्रू राहिला आणि पॅड ओढला तर पॅड चिरतो. क्लिपजवळ प्लॅस्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप उचला.

आता स्पीकरकडे बघा. फोमचा पट्टा असेल तर दमट हवेत तो भुसभुशीत होतो, बोट लावलं की भुगा पडतो. कागदी पडदा पाण्याने डागाळतो, मऊ पडतो. मग चार बोटं पडद्यावर समान ठेवून तो हळूच आत दाबा आणि सोडा. मऊपणे गेला आणि परत आला तर कॉइल मोकळी आहे. वाळू घासल्यासारखं लागलं तर गंज किंवा धूळ फटीत शिरली आहे, आणि त्यावर तेल, स्प्रे, हवा मारणं असला कुठलाही उपाय चालत नाही. तो स्पीकर गेला. दाबताना एका कोपऱ्यात जोर देऊ नका, नाहीतर चांगली कॉइलही वाकडी होईल.

टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड दिसते का ते पाहा. कधी कधी बिघाड एवढाच असतो. टर्मिनलची पत्री घासून स्वच्छ केली, वायरीच्या टोकाला नवा लग (दाबून बसवायची धातूची टोपी) चढवला की आवाज परत येतो.

पाचवी: पेन्सिल सेल

दीड व्होल्टचा साधा सेल आणि दोन वायरी. स्पीकरच्या टर्मिनलवरून गाडीच्या वायरी पूर्ण सोडवा. स्टिरिओ जोडलेला असताना सेल कधीच लावू नका. आता सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला, मायनस मायनसला फक्त क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज येऊन पडदा बाहेरच्या बाजूला सरकला पाहिजे. आत ओढला गेला तर टर्मिनलवरची खूण उलटी आहे. काहीच झालं नाही तर कॉइल किंवा तिच्यापर्यंत जाणारी मऊ तार तुटली आहे.

दोन्ही बाजूंचे स्पीकर असे तपासा. एक बाहेर आणि एक आत सरकत असेल तर दोघे एकमेकांचा बास मारतात. एक पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे खेचतो, आणि खालचे सूर केबिनमध्ये पोहोचण्याआधीच विरतात. अशा गाडीत महागडे स्पीकर घालूनही उपयोग नसतो. दोन वायरींची अदलाबदल केली की झालं.

सहावी: मल्टिमीटर

साधा मीटर पुरतो. ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर ठेवा आणि सुटा केलेला स्पीकर मोजा. चुंबकावर ४ ओहम छापलेला स्पीकर मीटरवर साधारण ३ ते ३.८ दाखवतो, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. शून्याजवळ आला तर कॉइल जळून आतल्या आत चिकटली आहे. तो स्पीकर लगेच काढा, स्टिरिओला तो शॉर्टसारखाच आहे. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली.

एक गोष्ट इथे फसवते. कोअॅक्शियल स्पीकरमध्ये मोठ्या पडद्याच्या मधोमध बसवलेल्या छोट्या ट्वीटरला (बारीक सुरांचा स्पीकर) कपॅसिटरमधून वीज जाते आणि मीटरची वीज कपॅसिटर अडवतो. म्हणून मोठी कॉइल तुटलेली असूनही स्पीकर बारीक चिरका वाजत राहतो आणि मीटर मात्र ‘तुटलेलं’ सांगतो. मीटर बरोबर असतो. उलट ट्वीटर जळला असेल तर मीटर चांगलाच आकडा दाखवेल. तो कानानेच ओळखावा लागतो, झांज आणि ‘स’ चा सूर गायब झालेला असतो.

पुढची पायरी वायरींची. स्टिरिओमागचा कप्लर आणि स्पीकर दोन्ही सोडवून प्रत्येक वायर आणि गाडीची लोखंडी बॉडी यांच्यामध्ये मोजा. मीटरने काहीच दाखवता कामा नये. थोडासाही संपर्क दिसला तर वायर कुठेतरी सोलली गेली आहे. आजच्या स्टिरिओत मायनसची वायर बॉडीला जोडलेली नसते. दोन्ही वायरींवर बॅटरीच्या जवळजवळ निम्मा व्होल्टेज असतो. जुन्या सवयीने मायनस बॉडीला जोडला तर आतली ॲम्प्लिफायरची आयसी जळते. एकाच मायनसवर दोन स्पीकर चालवणंही याच कारणाने चुकीचं.

शेवटचं मोजमाप नवा स्पीकर वाचवणारं आहे. स्टिरिओचा कप्लर आणि बॅटरी परत जोडा: स्टिरिओ चालू, आवाज शून्यावर, स्पीकर सुटा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन वायरींच्या मध्ये मोजा. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर स्टिरिओच्या आउटपुटमधून थेट वीज येते आहे. ती नव्या स्पीकरची कॉइल गाणं न वाजवताही तापवून जाळेल. ‘डावा स्पीकर दर सहा महिन्यांनी जातो, उजवा कधीच नाही’ अशी तक्रार असेल तर हे मोजल्याशिवाय डावा स्पीकर विकत घेऊ नका.

सातवी: पाणी कुठून येतं

गोव्यात हीच तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाते. काचेच्या बाहेरच्या रबरातून थोडं पाणी दरवाज्यात उतरणारच, तशीच रचना असते. ते खालच्या काठावरच्या भोकांतून बाहेर जायला हवं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागातल्या तांबड्या मातीत ही भोकं बुजतात, आणि जून ते सप्टेंबर दरवाजा पाण्याच्या पेटीसारखा भरलेला राहतो. दरवाजा हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली तर हेच. प्लॅस्टिकची बारीक कांडी किंवा केबल-टाय घालून भोकं मोकळी करा. खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर नको, रंग खरवडला की तिथून पत्रा कुजायला लागतो.

पॅडमागे दरवाज्याच्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. काच किंवा कुलूप दुरुस्त करताना तो फाडला जातो आणि नंतर कुणी बसवत नाही. तोच पाणी स्पीकरपासून आणि केबिनपासून दूर ठेवतो. फाटला असेल तर जाड पॉलिथिनचा नवा कापून ब्यूटाइल टेपने चिकटवा. खालची कड दरवाज्याच्या आत वळलेली असू द्या, म्हणजे ओघळ आतच पडेल.

मग एकाने बाहेरून काचेवर पाणी ओतावं आणि दुसऱ्याने आतून टॉर्च घेऊन बघावं. धार थेट स्पीकरच्या मागच्या बाजूवर पडत असेल तर वरून अर्धा झाकणारी छत्री लागेल. रबर किंवा क्लोज्ड-सेल (पाणी न शोषणाऱ्या) फोमचा कप बाजारात मिळतो, त्याचा फक्त वरचा अर्धा भाग ठेवा. पूर्ण कप घातला तर पाणी त्यातच साचतं आणि मागची हवा कोंडून बासही मरतो.

मासळीच्या गाड्यांसाठी आणखी एक. मालीम किंवा कुटबण जेटीवरून निघालेल्या गाडीत बर्फाचं खारं पाणी आणि ओले हात-कपडे केबिनमध्ये येतातच. तिथे दरवाजा रोज गोड्या पाण्याने पुसून कोरडा ठेवला नाही तर कोणत्याही साध्या स्पीकरची लोखंडी फ्रेम एका पावसाळ्यात तांबारते.

आता निवड

*मापं.* स्पीकर गाडीच्या नावावरून मागू नका, मोजून मागा. चार आकडे लागतात: भोकाचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, बसायच्या पातळीपासून मागे मोकळी खोली आणि पुढे जाळीपर्यंतची जागा. खोली मोजताना काच पूर्ण खाली घ्या. काच वर ठेवून मोजलेला स्पीकर बसतो, आणि काच खाली केली की चुंबकाला अडते. किमान पाच-सहा मिलिमीटर मोकळे सुटायला हवेत. पुढची जागा विसरली तर ट्वीटर जाळीला टेकतो आणि फरफरतो.

पिकअपमध्ये बहुधा ४ इंच, ५.२५ इंच किंवा ६.५ इंच जागा मिळते. जागा असेल तर ६.५ घ्या, कारण तेवढ्याच हालचालीत मोठा पडदा जास्त हवा हलवतो. पण त्यासाठी दरवाज्याचा पत्रा कापायचा असेल तर थांबा. कापलेली कड गोव्यात गंजतेच, आणि काच चढवणारी यंत्रणा आतच असते. खोली कमी पडत असेल तर पत्रा कापण्यापेक्षा रिंग लावून स्पीकर पुढे आणणं बरं.

*ओहम.* जुना ४ ओहमचा असेल तर नवाही ४ चाच. बाजारात २ आणि ३ ओहमचेही स्पीकर आहेत, कमी ओहमचा स्पीकर स्टिरिओकडून जास्त करंट ओढतो आणि स्टिरिओ तापतो. स्टिरिओच्या मागे किंवा पुस्तिकेत किती ओहम चालतात ते लिहिलेलं असतं. एका वायरीवर दोन ४ ओहमचे स्पीकर शेजारी-शेजारी (पॅरलल) जोडले की ते २ ओहम होतात. स्टिरिओ अर्ध्या तासात बंद पडण्याचं हे नेहमीचं कारण. चार स्पीकर हवे असतील तर चार आउटपुट वापरा.

*वॅट.* खोक्यावरचा मोठा आकडा बघून घेतलेला स्पीकर निराश करतो. ५० वॅट गुणिले ४ असं लिहिलेला स्टिरिओ खरं तर चॅनलमागे २० वॅटच्या आसपास स्वच्छ देतो. हिशोब सोपा आहे: इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहम. स्वच्छ लहर वाजवायची तर जास्तीत जास्त १४.४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे २६ वॅट, आणि त्यातलंही काही आयसीमध्येच जातं. ५० चा आकडा १४.४ चा वर्ग भागिले ४ करून येतो, म्हणजे लहरीचं टोक पूर्ण छाटून चौकोन झाला तेव्हाचा. तो फाटलेला आवाज असतो. म्हणून स्पीकरवरचा ‘आरएमएस’ किंवा ‘नॉमिनल’ आकडा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ती ताकद, वाचा. ३० ते ६० वॅट आरएमएस भरपूर झाले. ‘पीक’ आणि ‘मॅक्स’ सोडून द्या.

*सेन्सिटिव्हिटी.* दिलेल्या विजेवर स्पीकर किती जोरात वाजतो, तो हा आकडा. ॲम्प्लिफायर न लावता आवाज हवा असेल तर निवड इथे होते. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वीज. ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो तेवढा वाजायला ८९ च्या स्पीकरला ४० वॅट लागतील, आणि ते तुमच्या स्टिरिओत नाहीत. पिकअपची केबिन इंजिनाच्या आणि टायरच्या आवाजाने भरलेली असते, तिथे हे लगेच जाणवतं. तुलना करताना एक बारकावा पाहा: आकडा ‘१ वॅट, १ मीटर’ चा आहे की ‘२.८३ व्होल्ट’ चा. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे तोच स्पीकर कागदावर ३ डेसिबलने जोरात दिसतो.

*साहित्य.* पडदा पॉलिप्रॉपिलिनचा, कडेचा पट्टा रबराचा. कागदी पडद्याचा आवाज गोड असतो यात शंका नाही, पण दरवाज्यातल्या ओलाव्यात तो टिकत नाही. फोमचा पट्टा गोव्यात घेऊच नका. फ्रेम पत्र्याची असेल तर रंगाचा थर जाड आणि सलग आहे ना, ते नखाने तपासा. किनाऱ्यालगत किंवा मासळीच्या धंद्यात असाल तर बोटींसाठी बनवलेले मरीन स्पीकर घ्या. त्यांचा पडदा, पट्टा, टर्मिनल सगळं पाणी-मीठ-ऊन धरून बनवलेलं असतं. बास थोडा कमी वाटेल, पण चार पावसाळ्यांचा विचार केला तर ते स्वस्त पडतात.

*कोअॅक्शियल की कॉम्पोनंट.* एकेरी केबिनला दोन चांगले कोअॅक्शियल पुरेसे आहेत. कॉम्पोनंटमध्ये ट्वीटर वेगळा असतो आणि डॅशबोर्डच्या खांबाजवळ लावला की आवाज वर, कानाच्या पातळीला येतो. पॅडच्या तळाशी पायाजवळ स्पीकर असलेल्या गाडीत हा फरक मोठा आहे. सीटच्या मागे लाकडी पेटीत ६ बाय ९ घालण्याची पद्धत आहे, पण एमडीएफची पेटी दोन पावसाळ्यांत फुगते. त्याच पैशांत पुढचे दोन स्पीकर चांगले घ्या.

बसवताना

रिंग एमडीएफची नको. डब्ल्यूपीसीची शीट, जी हल्ली किचनच्या कपाटांना लावतात, तिची कापून घ्या, किंवा जाड प्लॅस्टिकच्या भाजी चिरायच्या बोर्डाची. स्क्रू स्टेनलेस. रिंग आणि पत्रा यांच्यात, तसंच स्पीकर आणि रिंग यांच्यात क्लोज्ड-सेल फोमची पट्टी फिरवा. साधा स्पंज पाणी धरून ठेवतो आणि तिथूनच गंज धरतो. फट राहिली तर स्पीकरच्या मागची हवा पुढे येऊन बास खाते, आणि मग बास कमी म्हणून लोक बटण चढवत बसतात.

ड्रिल करायचं असेल तर स्पीकर त्या खोलीतही नको. लोखंडाचा कीस चुंबकाकडे ओढला जातो, फटीत बसतो आणि नवाकोरा स्पीकर पहिल्याच दिवशी घासू लागतो. भोकाच्या कडेला गंजरोधक रंग लावून वाळू द्या.

वायर १ ते १.५ चौरस मिलिमीटरची पुरते. जोडाला लग दाबून हीटश्रिंक, आणि टर्मिनलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात. वायरीला टर्मिनलआधी खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळतील, टर्मिनलवर येणार नाहीत. बाजारातल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि ज्या वायरीवर काळी रेघ ती मायनस. गाडीच्या मूळ वायरींचे रंग यांच्याशी जुळतीलच असं नाही, सेलने तपासून मगच जोडा.

सेटिंगमध्ये हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) असेल तर ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा, ४ इंची स्पीकरला १२० च्या आसपास. छोट्या पडद्याला सर्वांत खालचे सूर पेलत नाहीत. ते काढून टाकले की उरलेलं सगळं मोठ्याने आणि स्वच्छ वाजतं.

चवथीला गणपती आणताना किंवा शिगम्यात दरवाजे उघडे टाकून, आवाज शेवटपर्यंत चढवून गाडी वाजवली जाते. सर्वांत जास्त ट्वीटर याच दिवसांत जळतात. दरवाजा उघडला की बास हवेत निघून जातो, म्हणून आवाज आणखी चढवला जातो, लहरीची टोकं छाटली जातात आणि त्या छाटलेल्या लहरीतली वरच्या सुरांची जास्तीची वीज ट्वीटरच्या केसाएवढ्या तारेत जाते. केबिनचे स्पीकर मिरवणुकीसाठी नाहीत. त्यासाठी वेगळा स्पीकर भाड्याने घ्या, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा २००० सालच्या नियमांतला दंडकही लक्षात असू द्या.

काम शक्यतो पाऊस ओसरल्यावर, दरवाजा दोन दिवस उन्हात सुकवून करा. भर जुलैत चिकटवलेली टेप ओल्या पत्र्याला धरत नाही.

इथे थांबा

दरवाज्यात किंवा खांबात पिवळ्या वेष्टनाच्या वायरी, पिवळे कप्लर दिसले तर त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांना मीटरही लावू नका. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा.

विजेवर चालणाऱ्या पिकअपमध्ये नारंगी वायरी म्हणजे उच्च दाबाची वीज. त्यांच्या जवळपासचं कुठलंही काम घरी नाही.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालू नका. शॉर्ट तसाच राहतो आणि फ्यूजऐवजी वायर जळते. ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. जळकट वास, वितळलेला कप्लर, हाताला चटका बसेल इतका तापलेला स्टिरिओ, आउटपुटवर सापडलेली डीसी वीज, यांपैकी काहीही दिसलं तरी तेच: बॅटरी सोडवा आणि काम सोडा. डीसी दाखवणारा स्टिरिओ दुरुस्त होतो की बदलावा लागतो हे उघडल्यावरच कळतं, आणि ते काम स्टिरिओ दुरुस्त करणाऱ्याचं आहे, ॲक्सेसरी बसवणाऱ्याचं नाही.

वेगळा ॲम्प्लिफायर लावायचा असेल तर बॅटरीपासून वायर ओढण्याचं काम जाणत्याकडूनच करून घ्या. तयार झाल्यावर स्वतः एवढं बघा: बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच फ्यूज आहे का, पत्र्यातून जाताना वायरीला रबरी बूच आहे का, आणि अर्थची जागा रंग खरवडून चकचकीत करून, वर ग्रीस लावून आवळली आहे का. इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी बहुधा या शेवटच्या जोडातूनच येते.

पायाखालची चटई ओली असेल आणि पाणी दरवाज्यातून येत नसेल, तर ते काचेच्या खालून किंवा फ्यूजबॉक्सच्या बाजूने उतरत असू शकतं. तेव्हा स्पीकर बाजूला ठेवा आणि आधी गाडी गॅरेजमध्ये न्या.